डोक्याची बॅटरी: रात्रीच्या पाण्याला कुठली, गडाला कुठली?

गर्लगुंजीकर
मंडळी, नमस्कार. दोन डोक्याच्या बॅटऱ्या घ्यायच्या आहेत. दोन्हींचं काम वेगळं आहे म्हणून स्वतंत्र धागा काढतोय.

एक बाबांना. आमच्याकडं शेतपंपाची थ्री फेज वीज पाळीनं येते. रात्रपाळी असली की मध्यरात्रीनंतर उसाला दारं धरायला जावं लागतं. एका हातात खोरं, दुसऱ्या हातात बॅटरी. सरी मोडायची वेळ आली की बॅटरी काखेत धरायची, नाहीतर बांधावर ठेवायची. बांधावर ठेवली की उजेड भलतीकडं पडतो आणि पाय नेमका अंधारात. हे बघून मलाच धास्ती वाटते.

दुसरी मला. पाऊस ओसरला की आमचा ग्रुप राजहंसगड, वैजनाथ, कलानिधीगड, कधी पारगड अशा फेऱ्या करतो. पहाटे चढून सूर्योदय गाठायचा असतो, त्यामुळं अर्धी वाट अंधारातच.

ऑनलाइन बघितलं तर एक १०,००० ल्युमेनची (ल्युमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप) मिळते आणि तिच्या तिप्पट किमतीला एक फक्त ३५० ल्युमेनची. काय समजायचं यातून? ज्यांनी वापरल्यात त्यांनी सविस्तर लिहा.

सह्यवाट, बेळगाव
१०,००० चा आकडा आधी डोक्यातून काढा. साधा हिशेब करून बघा. चांगला एलईडी, भिंगातलं आणि सर्किटमधलं नुकसान धरून, एका वॉटला साधारण १०० ल्युमेन देतो. म्हणजे १०,००० ल्युमेनला १०० वॉट पाहिजेत. अशा बॅटरीत बहुतेक वेळा एक किंवा दोन १८६५० सेल असतात. चांगल्यातल्या चांगल्या एका सेलमध्ये १० ते १२ वॉट-तास वीज मावते. तो सेल १०० वॉटला सहा-सात मिनिटांच्या वर टिकायचा नाही आणि तेवढ्यात कपाळ भाजून निघेल. खोक्यावर मात्र ‘८ तास’ लिहिलेलं असतं. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असूच शकत नाहीत.

आता हाच हिशेब उलटा करा. १०० ल्युमेनला एक वॉट, म्हणजे एका सेलवर दहा तास. पायवाटेनं चालायला १०० पुष्कळ झाले. सरळ चढणीला मी ५०-६० वर ठेवतो. वाट चुकल्यासारखी वाटली किंवा समोरचा कडा बघायचा असला तरच ३०० ला नेतो, तेही मिनिटभर. त्यामुळं ३५० ची प्रामाणिक बॅटरी गडाला पुरून उरते.

नामांकित कंपन्या एफएल-१ नावाच्या मानकाप्रमाणे आकडे छापतात. ते २००९ साली आलं. त्यातल्या दोन गोष्टी समजून घ्या. झोताचं अंतर म्हणजे उजेड ०.२५ लक्सवर (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) उतरतो ते ठिकाण, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. खोक्यावर १२० मीटर असेल तर ६० मीटरवर एक लक्स आणि ३० मीटरवर चार लक्स मिळतो. दगड, पायरी, खाच नीट ओळखायची तर ३० मीटरच धरा. दुसरं, ‘इतके तास चालते’ म्हणजे सुरुवातीच्या उजेडाच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचे तास. ३५० ल्युमेनवर सुरू केलेली बॅटरी शेवटी ३५ वर आली तरी तो वेळ धरला जातो. तेव्हा सर्वांत मोठ्या मोडचे तास बघून भुलू नका. मधल्या मोडला किती ल्युमेन आणि किती तास, ते वाचा. तुम्ही वापरणार तोच मोड.

निपाणी_ऊस
गर्लगुंजीकर दादा, बाबांचं मी सांगतो. आमच्याकडं सगळी उसाचीच कामं, रात्रीची दारं लहानपणापासून धरतोय.

शेताला लांबचा झोत काही कामाचा न्हाई. उसात दहा पावलांपलीकडं पानंच असतात. तिथं पसरट उजेड पाहिजे, म्हणजे पायापासून सरीच्या शेवटापर्यंत एकसारखा. मधोमध पांढरा ठिपका आणि भोवती काळोख अशी बॅटरी असली की डोळे त्या ठिपक्यालाच सवकतात आणि बाजूचं काही दिसत न्हाई. काहींना पुढची काच सरकवून झोत बारीक-मोठा करायची सोय असते. ती घेतली तरी चालेल, पण त्या सरकणाऱ्या भागातनं पाणी आणि चिखल शिरतो.

बटण एकच असावं आणि मोठं असावं. हात चिखलानं भरलेले असतात. बारीक बटण सापडत न्हाई, सापडलं तर तीनदा दाबल्यावर लुकलुकायला लागतं आणि वैताग येतो. दाबल्यावर थेट मधला उजेड लागावा आणि दाबून धरल्यावर बंद व्हावी, एवढंच.

आणि हातातली मोठी बॅटरी मोडीत काढू नका. ती बांधावर असू दे. पाटाच्या टोकाला पाणी पोचलं का, रानात गवा शिरलाय का, हे बघायला तीच लागते.

गर्लगुंजीकर
धन्यवाद. पाण्याचं काय? बाबा पावसातही जातात.

सेलवाला
माझं दुकान दुरुस्तीचं आहे, अशा बॅटऱ्या रोज उघडतो, म्हणून लिहितो.

खोक्यावर आयपीएक्स-४ असेल तर सगळ्या बाजूंनी उडणारं पाणी सोसते. आपल्या पावसात चालायला तेवढं होतं. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. बाबांची पाटात पडायची शक्यता आहे, त्यांना ७ वालीच बघा. काही लिहिलंच नसेल तर पावसाला चालत नाही असं समजून चाला. चार्जिंगच्या भोकाचं रबरी झाकण उघडं राहणं हे पाणी शिरायचं सगळ्यात मोठं कारण. माझ्याकडं येणाऱ्या बहुतेक गंजलेल्या बॅटऱ्या तिथूनच गेलेल्या असतात.

सेलबद्दल जरा जास्त लिहितो, कारण फसवणूक इथंच होते. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. चांगल्या कंपनीचा सेल २६०० ते ३५०० एमएएचचा असतो (एमएएच म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप). ‘९९०० एमएएच’ छापलेला सेल बाजारात सर्रास मिळतो, तो खोटा. वजन करून बघा. खरा सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. खोटे कित्येकदा ३०-३५ भरतात. घरातल्या छोट्या काट्यावर लगेच कळतं. काही सेल मी फोडून बघितलेत. आत त्याहून लहान सेल आणि उरलेल्या जागेत पावडर भरलेली होती.

चार्जिंग रात्रभर उशाशी लावून झोपायचं नाही. फरशीवर ठेवा, माणूस जागा असताना लावा. फुगलेला, चेपलेला, वरचं प्लास्टिक फाटलेला सेल परत वापरायचा नाही.

ट्रिपल-ए सेलवाली घेतली तर गावातल्या दुकानात सेल मिळतो हा फायदा. पण साधे अल्कलाइन सेल आत ठेवून बॅटरी सहा महिने कपाटात टाकली की सेल पाझरतात आणि पट्ट्या हिरव्या होतात. हंगाम संपला की सेल काढून ठेवा. रिचार्जेबल निकेल सेल १.२ व्होल्टचे असतात, बहुतेक हेडलॅम्पमध्ये व्यवस्थित चालतात आणि पाझरायचा त्रास फारच कमी.

सह्यवाट, बेळगाव
सेलवाल्यांच्या म्हणण्यात एक भर. सेल बाहेर काढता येतो अशीच बॅटरी घ्या. आतच बंद केलेला सेल गेला की सगळी बॅटरी टाकावी लागते. शिवाय गडावर जोडीला एक भरलेला सेल प्लास्टिकच्या डबीत नेता येतो. सुटा सेल किल्ल्यांच्या, नाण्यांच्या खिशात टाकू नका. शॉर्ट झाला तर पेट घेतो.

रानपाखरू
गर्लगुंजीकर, बाबांसाठी आणखी एक गोष्ट बघा, ती खोक्यावर ठळक छापलेली नसते. उजेडाचा रंग.

स्वस्त बॅटऱ्यांचा उजेड निळसर पांढरा असतो, ६५०० केल्विनच्या आसपास (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर). त्यात तपकिरी आणि लाल रंग मरतात. आपली माती तांबडी, पाला तपकिरी आणि घोणस त्याच रंगाची. निळसर उजेडात तिच्या पाठीवरचे गोल ठिपके पाल्यात मिसळून जातात. ४००० ते ५००० केल्विनचा, चांगला रंग दाखवणारा एलईडी घेतला की तेच ठिपके उठून दिसतात. मी जांबोटी-चोर्ला भागात पावसाळ्यात बेडूक आणि साप बघत फिरते. एकाच ठिकाणी दोन्ही उजेड टाकून हा फरक पुष्कळांना दाखवलाय. निळसर उजेडात ज्यांना फक्त पाला दिसत होता, त्यांना दुसऱ्या उजेडात वेटोळं दिसलं.

त्याच कारणानं, चालताना लाल उजेड वापरू नका. लाल उजेडानं अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत हे खरं. ते पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढरा झोत एकदा डोळ्यात गेला की पहिल्यापासून सुरुवात. म्हणून तंबूत, नकाशा बघायला, तारे बघत बसायला लाल चांगला. पण लाल उजेडात लाल मातीवरचं काही ओळखू येत नाही.

आणि सापाचे डोळे चमकतील या भरवशावर राहू नका. गव्याचे, मांजराचे, अगदी कोळ्याचेसुद्धा चमकतात, कारण त्यांच्या डोळ्यात मागं आरशासारखा थर असतो. सापाला तो थर नसतो.

निपाणी_ऊस
ताई, हे आमच्या कामाचं सांगितलंत. ऊसतोडीची माणसं पहाटे चारला फडात उतरतात, सगळ्यांच्या डोक्याला त्या निळ्या बॅटऱ्या असतात. टोळीच्या मुकादमाला दाखवतो हे.

आरोग्यसेविका_ताई
सापाचा विषय निघालाय म्हणून थोडं लिहिते. बॅटरी कितीही चांगली असली तरी पायात गमबूट आणि हातात काठी पाहिजेच. काठी जमिनीवर आपटत चाला. सापाला जमिनीतली धमक लगेच कळते.

चावलाच तर घट्ट दोरी बांधू नका, चिरू नका, चोखू नका. तो हात किंवा पाय हलवू न देता, लाकडी पट्टी लावून, थेट तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आणा. १०८ ला फोन करा. आपल्याकडं मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. कर्नाटकात २०२४ पासून सर्पदंशाची नोंद सक्तीची झालीय, त्यामुळं खासगीत गेलात तरी नोंद झालीच पाहिजे. साप मारून किंवा धरून आणायची गरज नाही. मण्यार चावल्याचं कधीकधी दुखतसुद्धा नाही, तेव्हा रात्री शेतात किंवा जमिनीवर झोपलेला माणूस उठून पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात म्हणाला तर वाट बघत बसू नका.

रानपाखरू
ताईंना पूर्ण अनुमोदन. घाटात एक जास्तीची काळजी. मलबारी चापडा हा विषारी साप पावसाळ्यात झुडपावर, हाताच्या उंचीला बसलेला असतो आणि वरचं प्रतिविष त्याच्यावर लागू पडत नाही. चढताना आधाराला फांदी धरायच्या आधी मान वळवून बघा. डोक्याच्या बॅटरीचा इथं खरा उपयोग होतो. नजर जाईल तिथं उजेड जातो.

कणकुंबीचा_पाऊस
सगळं वाचलं, पण आमच्याकडचं धुकं कुणीच काढलं नाही. जून ते सप्टेंबर चोर्ल्याच्या बाजूला रात्री डोक्याची बॅटरी लावली की समोर पांढरी भिंत उभी राहते. पावलं सुद्धा दिसत नाहीत. पिवळी काच लावली तर फरक पडतो म्हणतात. खरं काय?

सह्यवाट, बेळगाव
पिवळ्यानं डोळ्याला जरा बरं वाटतं, पण भिंत जात नाही. धुक्याचे थेंब उजेडाच्या लहरीच्या मानानं खूप मोठे असतात, त्यामुळं निळा असो की पिवळा, ते सगळ्यालाच जवळजवळ सारखं विखुरतात.

खरी अडचण जागेची आहे. बॅटरी डोळ्यांच्या वर दोन बोटांवर असते. थेंबावरनं मागं फिरलेला उजेड सरळ डोळ्यात येतो. रानपाखरू ताईंनी डोळे चमकण्याचं लिहिलंय तेही याच कारणानं डोक्याच्या बॅटरीला जास्त दिसतं. तर करायचं एवढंच: बॅटरी डोक्यावरनं काढा, पट्टा कमरेला बांधा किंवा बॅटरी हातात गुडघ्याजवळ धरा, उजेड कमी करा आणि झोत खाली ठेवा. उजेड खालून, तिरका जातो आणि डोळ्यांपुढचं धुकं उजळत नाही. दगडांच्या सावल्याही लांब पडतात, त्यामुळं उंच-सखल कळतं. जोराच्या पावसातही हेच करा. धुक्यात ल्युमेन वाढवले की भिंत आणखी पांढरी होते.

कणकुंबीचा_पाऊस
काल रात्री घराच्या मागच्या वाटेवर करून बघितलं. डोक्यावर असताना हातभर पुढचं दिसत नव्हतं. कमरेला बांधल्यावर चार-पाच पावलांवरचे दगड वेगवेगळे दिसले. पट्टा जरा लांब पाहिजे, एवढंच. जाड माणसाच्या कमरेला येत नाही, त्याला इलॅस्टिकचा तुकडा जोडून घ्यावा लागेल.

पहाट_तिळकवाडी
माझं पळण्याचं. मी पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात आणि पुढं रस्त्यावर पळते. पळायला हलकीच पाहिजे. ८०-९० ग्रॅमच्या पुढं गेली की कपाळावर उड्या मारते. मोठा सेल असला तर त्याची पेटी डोक्याच्या मागं असलेली बघा, दोन्हीकडं वजन सारखं राहतं. मागं लाल दिवा असला तर उत्तम, मागून येणाऱ्या गाडीला माणूस दिसतो.

समोरून कुणी आलं की झोत खाली करा, ही माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे. सायकलवाले आणि पळणारे सरळ तोंडावर बघून नमस्कार करतात, आणि समोरच्याला पुढची दहा-वीस पावलं काही दिसत नाही. अशातच पाय खड्ड्यात जातो.

निपाणी_ऊस
मागच्या लाल दिव्याचं बरोबर बोललात ताई. हंगामात उसाच्या बैलगाड्या पहाटे रस्त्यावर असतात, मागं काहीच नसतं. गाडीवान डोक्याची बॅटरी लावतो, ती पुढंच बघते. गाडीच्या मागं एक लाल दिवा आणि चमकणारी पट्टी लावलीच पाहिजे.

भटका_खानापूर
आमचा ग्रुप भीमगडाच्या बाजूला, तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहा बघायचं म्हणतोय. गुहेसाठी वेगळी बॅटरी लागते का?

रानपाखरू
कृपा करून जाऊ नका. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय आत पाय ठेवता येत नाही, रात्री तर नाहीच. आणि त्या गुहा साध्या नाहीत. रॉटन यांच्या नावानं ओळखलं जाणारं मोकळ्या शेपटीचं वटवाघूळ तिथं राहतं. १९१३ साली त्याचं वर्णन याच गुहांमधल्या नमुन्यांवरनं झालं आणि कित्येक दशकं साऱ्या जगात ते एवढ्याच ठिकाणचं माहीत होतं. नंतर मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. दिवसा झोपलेल्या वटवाघळांवर दहा जणांचे झोत पडले की ती उडतात, पिलं खाली पडतात, आणि फार छेडलं तर जागाच सोडून जातात. आपल्या तालुक्यात असं काही आहे ही फार मोठी गोष्ट आहे. बाहेरूनच जपूया.

भटका_खानापूर
हे माहीतच नव्हतं ताई. बेत रद्द. राजहंसगडच करतो.

गर्लगुंजीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. यातनं मी असं ठरवलंय.

बाबांना: पसरट उजेडाची, एक बटण, आयपीएक्स-७, ४००० ते ५००० केल्विनचा उजेड, काढता येणारा १८६५० सेल. चार्जिंग मोबाइलच्याच टाइप-सी वायरनं, म्हणजे त्यांना वेगळं काही शिकायला नको. जोडीला गमबूट. हातातली जुनी बॅटरी बांधावर राहील.

मला: ३५० ल्युमेनची, मधल्या मोडला १०० च्या आसपास, वजन ९० ग्रॅमच्या आत, लाल उजेड तंबूपुरता.

एक शंका राहिली. पहिल्या पावसानंतर आम्ही ओढ्याला खेकडी धरायला जातो. तेव्हा डोक्याला बॅटरी लावली की पाखरं तोंडावर येतात, नाकातोंडात जातात. काही उपाय?

कणकुंबीचा_पाऊस
त्या दिवसांत वाळवीची पाखरं उठतात, ती काही टळायची नाहीत. आम्ही एक मोठी बॅटरी लांब दगडावर लावून ठेवतो, बहुतेक पाखरं तिकडं जातात, आणि डोक्याची अगदी बारीक करतो.

रानपाखरू
बरोबर. शिवाय निळसर उजेडाकडं किडे जास्त येतात, पिवळट-नारिंगीकडं कमी. म्हणजे बाबांसाठी घेताय तसलीच इथंही चालेल. ओढ्यात पोटाशी अंडी किंवा पिलं असलेली खेकडी दिसली की सोडून द्या. आणि मोठे बेडूक झोतानं दिपून जागच्या जागी बसतात, कुणीही उचलावं असे. शेजारी गोव्याच्या बाजूला त्यांची मांसासाठी चोरटी शिकार होते. कुणी पोतं घेऊन फिरताना दिसलं तर वनखात्याला कळवा.

गर्लगुंजीकर
कळवतो. सेलवाले दादा, सेल तुमच्याकडं मिळतील का? ऑनलाइन घ्यायची आता भीती वाटते.

सेलवाला
मिळतील की. पत्ता इथं टाकत नाही, निरोप पाठवा. घरात जुने सेल असतील तर तेही घेऊन या. मीटर लावून, वजन करून कुठले ठेवायचे आणि कुठले टाकायचे सांगतो. टाकायचे असतील ते उकिरड्यावर किंवा चुलीत टाकू नका, माझ्याकडं ठेवून जा. मी ई-कचरा नेणाऱ्याकडं देतो.